वाचकांचे प्रश्न : ‘आमच्या गावात घडलंय तरी काय?’

मागच्या अंकात आम्ही आवाहन केलं होतं, की आपल्या गावाच्या गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांबद्दल जे विचारायचं असेल ते विचारा. बार्शी, पांगरी, वैराग, कुर्डुवाडी अशा गावांहून पत्रं आली. उत्तरं लिहिण्याचं काम संपादकांनी माझ्याकडे दिलं, कारण मी बरीच वर्षं बार्शीचा तालुका वार्ताहर होतो. बातम्यांचं पाकीट सोलापूरच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायचं आणि तिकडे स्टँडवर दैनिकाच्या माणसानं ते उतरवून घ्यायचं, अशी आमची रीत होती. अगदीच तातडीचं असलं तर तार. तुरीचा भाव, पाण्याचा टँकर, शाळेचा निकाल, बैलगाडीला ट्रकनं दिलेली धडक, बातमी दोन ओळींत संपायची. पण त्या दोन ओळींत कोण, कुठं, कधी हे चुकवायचं नाही, ही सवय अंगात भिनली ती भिनलीच. खालची उत्तरं त्याच सवयीनं लिहिली आहेत.

काका, मी बी.ए.ला इतिहास घेतलाय. प्रकल्पासाठी ‘स्थानिक इतिहास’ हा विषय मिळाला. पण आमच्याकडे ना किल्ला, ना लढाई. सरांना म्हटलं, पुण्याचा नाहीतर साताऱ्याचा विषय द्या. आमच्या भागात घडलंय तरी काय?
— एक विद्यार्थिनी, पांगरी

विषय बदलू नकोस. तुझ्या भागात अशी एक गोष्ट घडली आहे, जिची दखल जगातल्या डॉक्टरांनी घेतली. आणि तुझ्या पिढीला ती कुणी सांगितलेलीच दिसत नाही.

१९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात एक नोंदणी सुरू झाली. मुंबई, बंगळूर, चेन्नईसारख्या शहरांत कर्करोगाची अशी नोंद ठेवणं त्याआधी सुरू झालं होतं. खेड्यांची नोंद ठेवणारी देशातली पहिली नोंदणी मात्र बार्शीची. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात घेतली होती. पांगरीचाही तालुका बार्शीच, हे तुला मी सांगायला नको.

आता हे काम कसलं होतं ते नीट समजून घे, कारण तुझा प्रकल्प त्यातच दडलाय. शहरात रोगी आपण होऊन दवाखान्यात येतो, त्याचा केसपेपर निघतो, नोंद होते. त्या काळात खेड्यातली बाई अंगावरून जात असलं तरी दोन-दोन वर्षं कुणाला सांगायची नाही. दवाखान्यात बसून तिची वाट पाहिली असती तर वही कोरीच राहिली असती. म्हणून नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव जायला लागले. ग्रामसेवक, तलाठी, शाळामास्तर, अंगणवाडीच्या ताई यांना भेटायचे, लोकांना गोळा करून बोलायचे. मधेच रक्त जाणं, छातीत गाठ, न भरणारी तोंडातली जखम, ही लक्षणं काय सांगतात ते समजावायचे. ज्याच्याबद्दल शंका वाटे त्याला तपासणीला यायला राजी करायचे. गावातल्या मृत्यूंच्या नोंदीही तपासायचे. असं करता करता कळलं, की या भागातल्या बायकांना सगळ्यात जास्त गाठणारा कर्करोग गर्भाशयाच्या मुखाचा आहे.

गोष्ट इथं थांबली नाही. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ च्या ऑक्टोबरात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था, असे तिघं त्यात होते. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका त्यात आल्या. काही गटांत एचपीव्ही या विषाणूची तपासणी, काहींत पेशींची, काहींत सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. आणि उरलेल्या गटांत तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीचे उपचार. निकाल २००९ मध्ये छापून आले. एचपीव्हीची तपासणी एकदाच झालेल्या गटांत या रोगानं होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटांच्या जवळपास निम्म्यावर आले होते. आज जागतिक आरोग्य संघटना या रोगासाठी पहिली पसंती एचपीव्ही तपासणीलाच देते, आणि त्यामागच्या आधारांत येडशी-कळंबकडच्या पट्ट्यातल्या बायांनी दिलेला तो एक दिवस आहे.

या अभ्यासावर पुढं टीकाही झाली, तीही तुझ्या वहीत आली पाहिजे. ज्या बायकांना तपासणीविना ठेवलं त्यांच्यावर तो अन्याय नव्हता का, हा प्रश्न जाणत्या लोकांनी विचारला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की त्या काळी आपल्याकडे खेड्यात तपासणीची सोयच नव्हती, तेव्हा नेहमीची परिस्थिती हाच तुलनेचा आधार होता. मला स्वतःला हा प्रश्न खरा वाटतो आणि तो मिटलेला नाही असंही वाटतं. तू दोन्ही बाजू लिही.

त्या वेळी तिशी ते साठीच्या ज्या बायका होत्या, त्या आज पंचावन्नच्या पुढं, कुणी ऐंशीच्याही पुढं. त्या आहेत. बसथांब्यावर, कीर्तनात, नातवाला शाळेत सोडताना तुला रोज दिसतात. पांगरीतून घाट चढून येडशीला जा, तिथं तुझं कुणी ना कुणी नात्यातलं असेलच. त्या बायकांना दुखणं विचारू नकोस, तो दिवस विचार. बोलवायला कोण आलं होतं? तपासणी कुठं झाली, शाळेत की दवाखान्यात की कुणाच्या ओसरीवर? एकट्या गेलात की जावा-जावा मिळून? घरात काय सांगून गेलात? त्या दिवसाचा रोज बुडाला का? सासूबाई काय म्हणाल्या? आणि लिहिण्याआधी एवढं विचार: ‘मावशी, नाव लिहू का नको?’ नको म्हणाल्या तर नाव नाही, फक्त गाव आणि वय. अशा दहा जणी मनमोकळ्या बोलल्या तरी तुझा प्रकल्प सरांच्या कपाटात पडून राहण्यातला नसेल.

आमच्या कट्ट्यावर कायमचा वाद आहे. छोटी गाडी नेमकी कधी बंद झाली? एक म्हणतो पंढरपूरची बंद झाली तेव्हा. दुसरा म्हणतो २००८. मिरजेकडचा एक पाहुणा तर तिसरंच सांगतो. शिवाय ‘गाडीतून उतरावं, लघवी करावी आणि पळत जाऊन पुन्हा चढावं’ हे खरं का?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, कुर्डुवाडी

तुमचे तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. छोट्या गाडीचा, म्हणजे बार्शी लाईट रेल्वेचा, हा मार्ग एका दिवसात बंद झालाच नाही.

तो तयारही तुकड्या-तुकड्यांनी झाला होता. बार्शी लाईट रेल्वे ही लंडनमध्ये नोंदलेली कंपनी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरनं ती उभी केली. १८९७ च्या मार्चमध्ये पहिला तुकडा सुरू झाला, तो तुमच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत. तेव्हा मोठ्या लाईनवरच्या तुमच्या स्टेशनला ‘बार्शी रोड’ म्हणत. रुळांमधलं अंतर अडीच फूट. कॅलथ्रॉपची अक्कल अशी, की प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही असे इंजिन आणि डबे त्यानं बनवून घेतले, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता आला. निजामाच्या मुलखातला कापूस आणि धान्य बार्शीच्या पेठेत येत होतं ते बैलगाड्यांनी; त्यावर कंपनीचा डोळा होता. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. १९५४ मध्ये कंपनी जाऊन सरकारी रेल्वे आली, आणि गाडी दुरुस्तीचा कुर्डुवाडीचा कारखाना तर तुम्हाला माझ्याहून ठाऊक.

मोडतानाही तसंच झालं. रूळ रुंद करायचं काम आधी पंढरपूर-कुर्डुवाडी तुकड्यावर झालं. मग लातूरकडचं, तिकडून मोठी गाडी २००८ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत जोडली गेली. मिरज-पंढरपूर सगळ्यात शेवटी. म्हणून ‘शेवटची गाडी’ प्रत्येक गावाची वेगळी. वाद मिटवायचा असेल तर प्रश्न बदला: ‘तुमच्या स्टेशनावरून शेवटची कधी गेली?’ असं विचारा आणि उत्तरासमोर स्टेशनचं नाव लिहा. शेंद्री, पांगरी, येडशी, कळंब रोड, ढोकी, मुरूड, प्रत्येक ठिकाणी एक तरी माणूस सापडेल ज्याच्याकडे त्या दिवसाचं तिकीट जपून ठेवलेलं आहे. तिकिटावर तारीख छापलेली असते, तिथं भांडण संपतं.

आणखी एक गोष्ट नोंदवा, जी नव्या मुलांना माहीत नसते. जुनी छोटी लाईन उस्मानाबाद शहराला शिवतच नव्हती. ती येडशीवरून परस्पर ढोकीकडे जायची. मोठी लाईन करताना मार्ग वळवून शहर जोडलं. त्यामुळे ज्या गावांवरून गाडी जायची त्यांतली काही बाजूला पडली. तिथली चहाची टपरी, हमाल, टांगा यांचं काय झालं हे कुणीतरी त्या माणसांकडूनच ऐकून लिहायला हवं, आणि तुमच्यासारखा रेल्वेतला माणूस ते सगळ्यात चांगलं करील.

उतरून पुन्हा चढण्याबद्दल. ही गोष्ट देशातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगतात, म्हणून नुसती लिहू नका. सांगणाऱ्याला विचारा: कुठं? आपल्या लाईनवर पांगरी ते येडशी हा बालाघाटाचा चढ आहे, रामलिंगाच्या बाजूनं. चढावर भरलेली गाडी किती मंदावते हे ज्यानं इंजिन चालवलंय तो सांगेल. ‘मी स्वतः उतरलो, अमुक वळणावर, वारीच्या दिवसांत’ असं कुणी म्हणालं तर ते लिहा, त्याच्या नावानं. ‘लोक उतरायचे म्हणे’ हे सोडून द्या.

आणि वाद घालायचाच तर २०१६ च्या एप्रिलवर घाला. लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, ‘जलदूत’. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. १२ एप्रिलला ती लातूरला पोचली. पुढं पन्नास वाघिणींच्या खेपा सुरू झाल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद, लातूर, म्हणजे तीच आपली जुनी वाट, रूळ तेवढे रुंद झालेले. ते काम रेंगाळलं असतं तर एवढं पाणी या वाटेनं गेलं नसतं. तेव्हा सगळे कॅमेरे मिरजेत आणि लातुरात होते. मधल्या स्टेशनांवर सिग्नल कुणी दिला, फाटक कुणी पाडलं, दुसऱ्या किती गाड्या खोळंबल्या, हे तुमचे सहकारी जाणतात. त्यांतले बरेच आता निवृत्त होतायत. त्यांच्या घरी जाऊन बसा.

आजी म्हणते, रझाकाराच्या साली आमच्या माळवदाच्या घरात तीस-चाळीस माणसं महिनोन्महिने राहिली. धाकटे काका म्हणतात, एवढी माणसं मावणारच नाहीत, म्हातारी वाढवून सांगते. लिहून ठेवावं का?
— एक गृहिणी, वैराग

ताई, आजच लिहायला बसा. काकांशी आकड्यावरून वाद नको, आजीलाही त्यात ओढू नका.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. १५ ऑगस्ट १९४७ ला वैराग-बार्शी स्वतंत्र भारतात आले, पण काही कोसांवरचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिला. तिकडे रझाकारांचा जाच सुरू झाला तशी सीमेपलीकडची कुटुंबं गाडी-बैलांसकट इकडे आली. सीमेवर कार्यकर्त्यांची शिबिरं होती, बार्शीतही होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूनं नळदुर्गाकडे शिरलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. ते गणपतीचे दिवस होते.

म्हाताऱ्या माणसाला साल विचारलं की ते अडखळतं. सण विचारा, पीक विचारा. पाहुणी माणसं आली तेव्हा ज्वारी रानात होती की खळ्यावर? परत गेली ती पोळ्याआधी की दिवाळीला? कुणाच्या बाळंतपणाच्या वेळी ती घरात होती? मग आकड्याकडे वेगळ्या वाटेनं जा. पीठ किती पायली दळायचात? पाणी कुठल्या विहिरीचं? पुरुष कुठं निजायचे, बायका कुठं? जनावरं कुठं बांधली? यातून कळेल की तीस माणसं एका वेळी होती, की एक कुटुंब गेलं नि दुसरं आलं असं मिळून तीस. दोन्ही खरं असू शकतं, आणि कुठलं खरं हे कळलं की घराची गोष्ट जास्तच भरीव होते. ती माणसं कोणत्या गावची, हे नक्की विचारा. त्या गावात त्यांची नातवंडं आहेत. त्यांच्याकडे हीच गोष्ट दुसऱ्या टोकानं सांगितली जात असणार.

घरात जुन्या वह्या असतील तर काढा. हिशेबात ‘हाली’ आणि ‘कलदार’ असे दोन रुपये दिसले तर घाबरू नका. हाली शिक्का निजामाचा, कलदार इंग्रजांचा. साधारण सहा कलदारांना सात हाली पडत. पलीकडच्या कागदावर फसली साल असेल तर त्यात ५९० मिळवा, इसवी सनाच्या जवळ याल. शक असेल तर ७८. आपल्या बाजूची जुनी नोंद मोडीत असेल, तिकडची उर्दूत. वाचणारे मिळतात, सोलापूर-पुण्यात मोडीचे वर्गही चालतात.

आणि एक गोष्ट मी तळमळीनं सांगतो. त्या सालाची अर्धीच गोष्ट लिहू नका. सैन्याच्या त्या मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ म्हणतात; तिच्यानंतर संस्थानातल्या मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याच साली फिरून अहवाल दिला, तो कितीतरी वर्षं बाहेर आला नव्हता. जिथं सर्वांत जास्त नुकसान झालं त्या जिल्ह्यांत त्यानं उस्मानाबादचं नाव घेतलं आहे. तेव्हाही माणसं वाट फुटेल तिकडे पळाली असणार. तुमच्या आजीला विचारा, नंतरच्या महिन्यांत कुणी आलं होतं का दाराशी? आणि वैरागमधल्या जुन्या मुसलमान घरातही जाऊन बसा, तिथंही एक आजी असेल. दोघींच्या आठवणी एकाच वहीत, एकीखाली एक, ज्या शब्दांत त्या बोलल्या त्या शब्दांत लिहा. काही पुसू नका, काही गोड करू नका.

वडील गिरणीत होते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यांचा बिल्ला आणि काही पगाराच्या चिठ्ठ्या सापडल्या. रद्दीत टाकायचं मन होत नाही. काय करू?
— एक दुकानदार, बार्शी

टाकू नका. बार्शीत लोकमान्य, राजन, जयशंकर ही नावं नुसती उच्चारली तरी जुन्या माणसांना भोंगा ऐकू येतो. भोंग्यावर पाळी बदलायची, भोंग्यावर शेजारची बाई डाळ शिजायला टाकायची. आजारी गिरण्या सरकारनं ताब्यात घेतल्या त्या काळात बार्शी टेक्सटाईल मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत महामंडळाच्या बाकी गिरण्यांबरोबर तीही थांबली, आणि कामगारांना ती सुरू करा म्हणून रस्त्यावर यावं लागलं.

चिठ्ठीवर काय काय आहे ते एका कागदावर उतरवून घ्या: खातं कोणतं, महिना कोणता, महागाई भत्ता किती, कापलं काय, सोसायटीचा हप्ता होता का. मग वडिलांबरोबर काम केलेला एखादा माणूस शोधा. ‘बदली’वर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, किती वर्षं काढली, कायम कधी झाले, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कसा होता, कापसाची धूळ नाकातोंडात जायची तिचं काय करायचे, जेवणाची सुट्टी किती वेळ, डबा कोण आणायचं. हे प्रश्न त्या चिठ्ठीसमोर बसूनच विचारा. कागद हातात दिला की माणूस बोलायला लागतो, हे मी बातमीदारीत कायम पाहिलं. चिठ्ठ्यांना लॅमिनेशन मात्र करू नका, ते पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो. साध्या कागदी पाकिटात, सपाट, कोरड्या जागी ठेवा. फोनवर फोटो काढून दोन ठिकाणी जपा.

जुनी माहिती कुठल्या कार्यालयात मिळते? खेटे घालायची तयारी आहे, पण सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षक, बार्शी

सर, सुरुवात तुमच्याच शाळेतून करा. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. ‘कारण’ हा रकाना सलग वाचा. दुष्काळात कुठली पोरं गेली, गिरणी बंद पडल्यावर कुठली गेली, ते तिथं ओळीनं दिसेल. १९७२ ची पानं पहिल्यांदा काढा. फक्त एवढं, की त्यातली नावं आणि जाती बाहेर नेऊ नका. संख्या आणि कारणं घ्या.

दुसरी जागा नगरपालिका. बार्शीची नगरपालिका १८६५ ची आहे, आणि सभेचे ठराव हा गावाचा सगळ्यात प्रामाणिक कागद. नळ कुठं द्यायचा, गटार कुणाच्या दारातून न्यायची, चौकाला कुणाचं नाव द्यायचं, यावर कोण काय म्हणालं हे तिथं सापडतं. साध्या अर्जानं दाखवलं तर उत्तम. नाहीतर २००५ चा माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, आणि ‘सगळे ठराव द्या’ असं न लिहिता ‘अमुक साल ते अमुक साल, पाणीपुरवठा, पाहण्यासाठी’ असं लिहा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जागेबद्दल असेल तर सिटी सर्व्हेत मालमत्ता पत्रक, शेताबद्दल असेल तर तलाठ्याकडे फेरफार. १८८४ चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर आता घरबसल्या वाचता येतं. ते इंग्रज साहेबाच्या नजरेतून लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवून वाचा. बाजार, रस्ते, विहिरी यांच्यासाठी ते फार उपयोगी.

मला जुनं काही ठाऊक नाही. मी लग्न होऊन आले त्याला काहीच वर्षं झाली. माझ्यासारखीनं काय लिहावं?
— एक वाचक, बार्शी

तुम्ही आजचं लिहा. मला आलेल्या सगळ्या पत्रांत हे पत्र मला सर्वांत जास्त आवडलं.

एक साधी वही करा. पानाच्या डोक्यावर तारीख, वार, जागा. खाली पाच-सहा ओळी. नळाला पाणी किती दिवसांनी आलं आणि किती वाजता. मंडईत ज्वारी, तूर, कांदा काय भाव. स्टँडवर कुठली गाडी बंद झाली, कुठली नवी लागली. गल्लीत कुणाचं जुनं घर पाडलं, तिथं काय उभं राहतंय. भगवंताच्या देवळासमोर द्वादशीला गर्दी कशी होती, वारकरी कुठं उतरले. कुणाच्या मुलीला कुठं नोकरी लागली. रोज जमलं नाही तर आठवड्यातून एकदा, पण तारखेशिवाय एक ओळही नको. ‘हल्ली’, ‘पूर्वी’, ‘परवा’ हे शब्द वहीत येऊ देऊ नका. वीस वर्षांनी वाचणाऱ्याला ‘परवा’ कुठला ते कळणार नाही. भाव लिहिताना किलोचा की क्विंटलचा ते लिहा. ऐकलेलं असेल तर कुणाकडून ऐकलं ते लिहा. सासूबाई काही जुनं बोलल्या तर त्याच पानावर, ‘सासूबाई म्हणाल्या’ असं घालून.

फोटो काढलात तर वर्षातून एकदा निवडक दहा-वीस कागदावर छापून घ्या. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं डावीकडून उजवीकडे नावं लिहा. शाईचं पेन वापरू नका, ते पुढच्या बाजूला उमटतं.

ज्यांना वहीतली पानं या सदरासाठी पाठवायची आहेत त्यांनी मूळ वही पोस्टानं पाठवू नये, छायाप्रत पाठवावी. पानात दुसऱ्या कुणाचं नाव असेल तर त्या माणसाला आधी विचारावं. पुढच्या अंकात आपण १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटेवर बोलू. किल्लारीला भूकंप झाला तो ३ वाजून ५६ मिनिटांनी, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गावोगाव गणपती बोळवून माणसं नुकती निजली होती. बार्शी, वैराग, परंडा भागात तेव्हा कुणाला कुठं जाग आली, पहिली बातमी कशी कळली, मदतीला कोण कशानं गेलं आणि सोबत काय नेलं, एवढंच लिहून पाठवा. वय आणि गाव घालायला विसरू नका.